वाचकांचे प्रश्न : होडी घरी आणणारा देव

गेल्या अंकात उत्तर युरोपातल्या जुन्या देवांबद्दल लिहिताना मी न्योर्डचं नाव एका ओळीत घेतलं होतं, समुद्राचा आणि सुबत्तेचा देव, बायको डोंगरातली, एवढंच, आणि पुढे निघून गेले. त्या एका ओळीवर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. जास्त करून ठाणे, ऐरोली, वाशी, बेलापूर या पट्ट्यातून आलीत, म्हणजे खाडीच्या दोन्ही काठांवरून, आणि मला त्याचा खरंच आनंद झाला. म्हणून या वेळचं सगळं पान न्योर्डलाच देतेय.

ताई, माझा मुलगा नववीत आहे, मोबाइलवर एक गेम खेळतो त्यात थॉर, ओडिन, लोकी सगळे असतात. परवा म्हणाला, बाबा यांच्यात आपल्या वरुणासारखा कोण? मला सांगता येईना. न्योर्ड म्हणजे त्यांचा वरुणच का?
— एक वडील, नेरुळ

मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या. उत्तर मात्र नाही असं आहे, आणि का नाही ते जरा सविस्तर सांगते.

आपण नारळी पौर्णिमेला ज्याला नारळ वाहतो तो वरुण आज पाण्याचा मालक आहे, पण ऋग्वेदातला वरुण बघितलात तर तो मुळात नियम राखणारा राजा आहे, ऋत सांभाळणारा, कोण खोटं बोलतंय ते बघत बसलेला आणि पाशात पकडणारा, त्याच्यापुढे माणूस घाबरून क्षमा मागतो. न्योर्डला कोणी घाबरल्याचं मी कुठे वाचलेलं नाही. झॉर्झ ड्युमेझिल म्हणून फ्रेंच अभ्यासक होते विसाव्या शतकात, त्यांनी वेदातले देव आणि उत्तरेकडचे देव शेजारी शेजारी ठेवून आयुष्यभर अभ्यास केला, तर त्यांनी वरुणासमोर बसवला ओडिन, म्हणजे त्यांच्या देवांचा राजा, इंद्रासमोर मेघगर्जनेचा देव थॉर, आणि न्योर्ड नि त्याचा मुलगा फ्रेय या जोडीसमोर बसवले आपले अश्विनीकुमार. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा विचित्र वाटलं होतं, अश्विनीकुमार म्हणजे देवांचे वैद्य एवढंच डोक्यात होतं. मग भुज्यूची गोष्ट आठवली. तुग्राचा मुलगा भुज्यू भर समुद्रात बुडत होता, जिथे हाताने धरायला काही नाही, पायाला तळ नाही, आणि अश्विनीकुमारांनी त्याला शंभर वल्ह्यांच्या नावेत घालून घरी आणून सोडला. वेदांत हे आहे. न्योर्डचं काम बरोबर हेच. समुद्रावर गेलेल्याला घरी आणणं.

स्नॉरी स्टुर्लुसन हा आइसलँडचा विद्वान, त्याने १२२० च्या आसपास जुन्या देवांच्या कथा लिहून काढल्या. तेव्हा आइसलँड ख्रिस्ती होऊन दोनशे वर्षं झाली होती, पण कथा लोकांच्या तोंडी होत्या. तो सांगतो की न्योर्ड वाऱ्याची दिशा ठरवतो, समुद्र शांत करतो आणि आगही, जहाजाच्या प्रवासाला निघताना आणि मासे धरायला जाताना त्याचा धावा करावा, आणि तो इतका श्रीमंत आहे की मागेल त्याला जमीन आणि पैसाअडका देऊ शकतो. त्याच्या घराचं नाव नोआटून, म्हणजे होड्यांचं आवार. आपल्या भाषेत बंदर. बघा, देवाचं घर समुद्राच्या तळाशी नाहीये, बंदरात आहे.

खवळलेल्या समुद्राचं खातं त्यांच्याकडे वेगळं. तो एगिर, आणि त्याची बायको रान, तिच्याकडे एक जाळं असतं आणि बुडणारी माणसं ती त्या जाळ्यात ओढून घेते. त्यांच्या नऊ मुली म्हणजे लाटा. तुमच्या मुलाला हा फरक नक्की सांगा, कारण समुद्राचा देव म्हटलं की हातात त्रिशूळ आणि वादळ असं चित्र सगळीकडे असतं, न्योर्ड त्यातला नाही.

अजून एक, न्योर्ड मूळचा ओडिन-थॉरच्या घराण्यातला नव्हे. ते एसिर, हा वानिर. दोन्ही घराण्यांत मोठं युद्ध झालं, कोणी जिंकेना, शेवटी तह झाला आणि एकमेकांना ओलीस दिले, त्यात वानिरांनी न्योर्ड आणि फ्रेय पाठवले. म्हणजे हा देव परक्या घरात ओलीस म्हणून आला आणि तिथेच मोठा झाला. फ्रेय आणि फ्रेया ही त्याची मुलं त्याच्या स्वतःच्या बहिणीपासून झालेली असं जुन्या कथा म्हणतात, वानिरांत ते चालायचं, एसिरांत नाही. आपल्याकडे यमीने यमाला तेच विचारलं आणि यमाने नकार दिला, ते सूक्त ऋग्वेदात आहे, म्हणजे हा प्रश्न जुन्या माणसांना सगळीकडेच पडलेला दिसतो. एका मेजवानीत लोकी, म्हणजे त्यांच्यातला खोडसाळ, कपटी देव, ओलीस असण्यावरून आणि या बहिणीवरून न्योर्डला सगळ्यांसमोर घाणेरडं बोलतो. न्योर्ड चिडत नाही. तो म्हणतो, मला लांब ओलीस म्हणून पाठवलं हे खरं, पण मला असा मुलगा झाला ज्याचा कोणीच द्वेष करत नाही. भर सभेत अपमान होत असताना बापाने मुलाचं नाव असं घ्यावं, हे मला फार आवडतं.

मी बँकेतून रिटायर झालो, घर पिढ्यान्‌पिढ्या कोळीवाड्यात. तुम्ही समुद्राचा आणि सुबत्तेचा देव असं लिहिलंत. म्हणजे पाणी पण त्याचं आणि पीक पण त्याचं? ही दोन खाती एका देवाकडे कशी? आणि ती माणसं त्याला आमच्यासारखं काही वाहायची का?
— एक वाचक, दिवाळे गाव, बेलापूर

काका, हा प्रश्न तुम्ही मला विचारताय, पण खरं उत्तर तुमच्या घरातच आहे. तुमच्या आजोबांच्या वेळी बेलापूर पट्टीत एकाच घरात काय काय असायचं ते आठवा. खारजमिनीत भात, बाजूला मिठागर, ओहोटीला चिखलात निवट्या नि चिंबोऱ्या, आणि भरतीला होडी. आगरी आणि कोळी घरांत अजूनही म्हातारी माणसं म्हणतात ना, दर्या हीच आमची शेती. ज्याने हे वाक्य लहानपणापासून ऐकलंय त्याला न्योर्ड समजावून सांगावा लागत नाही.

नॉर्वेचा नकाशा बघा, समुद्र डोंगरांच्या आत बोटं घातल्यासारखा शिरलाय, त्याला फ्योर्ड म्हणतात, आणि त्या पाण्याच्या काठाला सपाट जमिनीची चिंचोळी पट्टी. तिथला शेतकरी तोच कोळी. उन्हाळ्यात बार्ली आणि गवत, हिवाळ्यात मासे, दोन्ही पिकलं तरच घर जगतं, एक गेलं तर भूक. मग देव दोन कशाला करतील? शहरात राहून आपण समुद्र वेगळा आणि शेत वेगळं असे कप्पे केलेत, आणि मग पुस्तकात ‘समुद्र आणि सुपीकता’ असं वाचलं की कोडं वाटतं. त्याच्याकडे मागणं एकच होतं, यंदा पुरेल एवढं दे आणि माणसं सुखरूप परत येऊ देत.

आता वाहण्याचं. नॉर्वेच्या राजांच्या इतिहासात जुन्या यज्ञाच्या मेजवानीचं वर्णन आहे, त्यात पहिला पेला ओडिनचा, राजाच्या विजयासाठी, आणि त्यानंतर न्योर्डचा पेला आणि फ्रेयचा पेला, चांगल्या वर्षासाठी आणि शांततेसाठी. वर्ष आणि शांतता, हे दोन शब्द त्यांच्या भाषेत जोडीनेच येतात, जसं आपण धनधान्य म्हणतो. आइसलँडमध्ये कोर्टात शपथ घ्यायची तर हातात कडं धरून फ्रेय, न्योर्ड आणि सर्वशक्तिमान देव यांच्या नावाने घ्यायची असा कायदा नोंदवलेला आहे. आणि खूप पैसेवाला माणूस असला की न्योर्डसारखा श्रीमंत म्हणायचे, आपण कुबेर म्हणतो तसं.

गावांची नावं पण बघण्यासारखी आहेत. न्योर्डच्या नावाची गावं नॉर्वे-स्वीडनमध्ये किनाऱ्यावर आहेत तशी आत, शेतीच्या भागातही आहेत, आणि तुमच्या पीक-पाण्याच्या प्रश्नाला याहून चांगला पुरावा मला देता येणार नाही. आइसलँडला विमानाने गेलात तर केफ्लाविकला उतराल, त्याला लागूनच न्यार्दविक नावाचं गाव आहे, म्हणजे न्योर्डची खाडी.

पण यातलं मला सगळ्यात जवळचं वाटतं ते एका म्हातारीचं वाक्य. नॉर्वेत हार्डांगर भागात ओड्डा म्हणून जागा आहे, तिथल्या जुन्या आठवणी विसाव्या शतकात कोणीतरी लिहून घेतल्या, त्यात १७४६ साली जन्मलेल्या एका बाईची गोष्ट आहे. रात्री तळ्यावर मशाल पेटवून मासे धरायला गेली होती, मासा चांगला लागत होता, बघता बघता आठवडाभर पुरेल एवढा झाला, तेव्हा तिने गळाची दोरी काठीला गुंडाळली आणि म्हणाली, त्याचे उपकार, न्योरचे, या खेपेला. बस एवढंच. नॉर्वे ख्रिस्ती होऊन तेव्हा सात-आठशे वर्षं झाली होती, देवळं पडून गेली, पूजा बंद, पुजारी नाहीत, आणि तरी मासा लागल्यावर बाईच्या तोंडून नाव आलं ते त्याचंच. आणि पुरेसं झाल्यावर तिने दोरी गुंडाळली, हे विसरू नका, अजून थोडं म्हणून बसून राहिली नाही.

मी लहान असताना ठाण्यात आमच्या दारावर चेंदणीहून एक मावशी यायच्या टोपली घेऊन, कोळंबी, बोईट, कधी निवट्या. टोपली उतरवायला आई हात लावायची. भवानी आमच्याकडे झाली तर ती पहिली नोट त्या आधी टोपलीच्या काठाला टेकवायच्या, मग दोन्ही डोळ्यांना लावायच्या, ओल्या हातामुळे नोट भिजायची, आणि ‘दर्यानं दिलं बाय’ म्हणून कमरेच्या पिशवीत खोचायच्या. हे त्या कोणाला दाखवायला करत नव्हत्या, आमच्याकडे बघतही नसायच्या. ओड्डाच्या बाईचं वाक्य वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यासमोर ती भिजलेली नोट आली.

ताई, माझं माहेर जावळी खोऱ्यात, सासर ऐरोलीच्या दिवा कोळीवाड्यात. लग्नाला आठ महिने झाले. माणसं चांगली आहेत पण मला झोप लागत नाही, रात्री-अपरात्री भरती बघून सगळे उठतात, इंजिनचा आवाज, पहाटे पक्ष्यांचा कालवा. आणि हे माझ्या माहेरी आले की दुसऱ्या रात्रीच म्हणतात चल घरी, इथे फार सामसूम आहे, कोल्हे ओरडतात. तुम्ही लिहिलं होतं न्योर्डची बायको डोंगरातली होती. तिचं पुढे काय झालं?
— एक सून, ऐरोली

अगं, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तू जे लिहिलंयस ते आठशे वर्षांपूर्वी आइसलँडमध्ये लिहिलेल्या गोष्टीत जवळजवळ शब्दाला शब्द आहे, आधी ती गोष्ट ऐक.

तिचं नाव स्काडी. तिचा बाप थ्यात्सी नावाचा राक्षस, डोंगरात राहणारा. त्याने देवांची तारुण्याची सफरचंदं सांभाळणारी इदुन पळवून नेली, देव म्हातारे व्हायला लागले, मग लोकी तिला परत घेऊन आला आणि पाठलाग करणाऱ्या थ्यात्सीला देवांनी मारलं. पोरगी एकटी उरली. ती रडत बसली नाही, शिरस्त्राण, चिलखत, सगळी हत्यारं चढवून देवांच्या दारात गेली बापाचा सूड घ्यायला. देव म्हणाले, भरपाई देतो. एक, आमच्यातला नवरा निवड, पण फक्त पाय बघून. दुसरं, आम्ही तुला हसवून दाखवू, कारण तिचं म्हणणं होतं की मला आता हसू येणंच शक्य नाही. लोकीने एका बोकडाशी दोरी बांधून असला काही प्रकार केला की ती खरंच हसली. आणि ओडिनने तिच्या बापाचे डोळे आकाशात फेकून त्यांचे दोन तारे केले.

नवरा निवडताना पडद्याखाली नुसते पाय. त्यात एक जोड इतका सुंदर होता की तिला वाटलं हा बाल्डरच असणार, देवांमधला सगळ्यात देखणा, त्याच्यात वाईट काही असूच शकत नाही. तिने बोट दाखवलं. पडदा वर गेला तर न्योर्ड. का ते गोष्टीत सांगितलेलं नाही, मला आपलं वाटतं की जन्मभर ओल्या वाळूत आणि खाऱ्या पाण्यात राहिलेले पाय स्वच्छच असणार.

मग राहायचं कुठे? तिला बापाचं घर हवं, थ्रिमहाइम, डोंगरात. याला समुद्र हवा. ठरलं की नऊ रात्री तिकडे आणि मग इकडे, इकडच्या रात्री काही हस्तलिखितांत तीन आहेत आणि काहींत नऊ. डोंगरातून परत आल्यावर न्योर्ड म्हणाला की मला डोंगर नकोसे झाले, नऊच रात्री होतो पण लांडग्यांचं ओरडणं हंसांच्या गाण्यापुढे फार वाईट वाटलं. आणि नोआटूनला राहिल्यावर स्काडी म्हणाली की समुद्राच्या अंथरुणावर मला झोप येईना पक्ष्यांच्या किंचाळण्याने, रोज पहाटे लांबून येणारा तो सीगल मला उठवतो. आता तुझं पत्र परत वाच बघू.

पुढे काय झालं ते तुला खरं सांगते, लपवणार नाही. ते वेगळे झाले. स्काडी डोंगरात परत गेली, स्की आणि धनुष्य घेऊन शिकार करायला लागली, लोक तिला स्कीची देवी म्हणायला लागले. दोघांनी एकमेकांना एक वाईट शब्द बोललेला नाही, प्रत्येकाने आपल्याला काय सहन होत नाही एवढंच सांगितलं.

पण हीच गोष्ट डेन्मार्कच्या सॅक्सो नावाच्या लेखकाने १२०० च्या सुमाराला वेगळ्या नावांनी लिहिली आहे, तिथे ती देवांची नाही, माणसांची आहे, हाडिंग नावाचा राजा आणि रान्हिल्ड. तिने एकदा त्याची जखम बांधली होती आणि जखमेत खूण म्हणून अंगठी ठेवली होती, पुढे मेजवानीत पाय चाचपून तिने त्याला ओळखलं. त्याला समुद्र हवा, तिला डोंगर, तक्रारी त्याच, लांडगे आणि सीगल. म्हणजे ही कथा जिथे जिथे डोंगर समुद्राला लागून आहे तिथे घरोघरी घडत असणार, आणि आपल्याकडे सह्याद्री आणि खाडी यात अंतर किती गं?

एक सांगू, तुझ्या सासरच्यांचं दैवत बघ. खाडीवर राहणारी माणसं, पण आई एकवीरा बसली आहे कार्ल्याच्या डोंगरावर. चैत्रात पालखी घेऊन सगळा कोळीवाडा डोंगर चढतो. तू डोंगरातली आहेस म्हणून तुला तिथे कोणी परकी समजणार नाही.

आणि झोपेचं माझ्या परीने सांगते. भरतीची वेळ रोज सारखी नसते, साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, तुझ्या सासऱ्यांना विचार, जुनी माणसं तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात, चतुर्थीला चार पाऊणे तीन म्हणजे तीनच्या सुमाराला भरती, अष्टमीला सहाच्या. हे गणित शिकून घे, घरात कधी गडबड होणार ते तुला आधीच कळेल आणि त्या दिवशी दुपारी झोपून घे. होडी कधी निघणार हे माहीत असलं की तो आवाज दचकवत नाही, तोच आवाज नंतर परत येताना ऐकू आला की बरं वाटायला लागतं, असं मला एका कोळणीनेच सांगितलंय. तरीही झोप होतच नसेल तर हे नवऱ्याशी बोल, स्काडीसारखं स्पष्ट, नि अंगावर काढू नकोस, डॉक्टरांनाही दाखव. आणि हिवाळ्यात एकदा त्याला घेऊन ऐरोलीच्या खाडीवर फ्लेमिंगो बघायला जा, ते सीगलसारखे किंचाळत नाहीत.

मी ठाण्यात इतिहासात एमए करतोय. टॅसिटसने नेर्थुस नावाच्या देवीबद्दल लिहिलंय आणि ती म्हणजेच न्योर्ड असं वाचलं. देवीचा देव कसा झाला?
— एक विद्यार्थी, कळवा

मित्रा, हे कोडं अजून पूर्ण सुटलेलं नाही, पण धागे पक्के आहेत.

टॅसिटस रोमन, त्याचं जर्मन टोळ्यांवरचं पुस्तक इसवी सन ९८ चं. तो सांगतो की उत्तरेतल्या सात टोळ्या नेर्थुस म्हणजे भूमातेला पूजतात. समुद्रातल्या एका बेटावर पवित्र राई आहे, तिथे कापडाने झाकलेला रथ असतो, त्याला फक्त पुजाऱ्याने हात लावायचा. देवी आत आली हे पुजाऱ्याला कळतं, मग गायी जुंपून रथ गावोगाव फिरवतात, आणि जिथे जिथे देवी जाईल तिथे सण, कोणी लढाईला जात नाही, सगळं लोखंड कुलपात. देवीचं मन भरलं की रथ, कापड आणि देवी स्वतः एका तळ्यात धुतात. इथपर्यंत वाचताना आपल्याला गावची पालखीच दिसते, दारोदार थांबणारी, ओटी घेणारी. पण पुढचं वाक्य सोडता येत नाही, ज्या गुलामांनी हे धुण्याचं काम केलं त्यांना त्याच तळ्यात बुडवून मारायचे. तो भाग आपल्या पालखीशी जोडायचा नाही आणि सौम्यही करायचा नाही.

असे रथ खरोखर होते. डेन्मार्कमध्ये डेयबर्ग इथे दलदलीत दोन नक्षीदार रथ सापडले, १८८० च्या दशकात, ते दोन हजार वर्षांच्या आसपासचे आहेत आणि मुद्दाम मोडून पाण्यात ठेवलेले. कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत.

आता नाव. भाषेच्या नियमाने नेर्थुस हे रूप हजारेक वर्षांत बदलत गेलं तर ते न्योर्डच होतं, यात भाषातज्ज्ञांना शंका नाही. आणि तो शब्द ज्या प्रकारचा आहे त्यात पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी रूप सारखंच दिसतं, म्हणजे नावावरून देव की देवी ते ठरवता येत नाही. त्यात न्योर्डची ती बहीण आठव, जिच्यापासून त्याला मुलं झाली. तिचं नाव कुठेच दिलेलं नाही. त्याच्या मुलांची नावं मात्र जोडीची, फ्रेय आणि फ्रेया. बऱ्याच अभ्यासकांना वाटतं की आधीच्या पिढीतही अशीच एका नावाची भाऊ-बहीण जोडी होती, टॅसिटसच्या वेळी बहीण पुढे होती आणि स्नॉरीच्या वेळेपर्यंत भाऊ उरला. मलाही हेच पटतं. तू प्रबंध करणार असशील तर त्या बिननावाच्या बहिणीवर कर, असं मनापासून वाटतं.

नाव नक्की कसं लिहायचं? न्जोर्ड, न्यॉर्ड, न्योर्ड सगळं बघितलंय.
— कोपरी, ठाणे पूर्व

न्योर्ड लिहा. इंग्रजी स्पेलिंगमधला जे तिथे य आहे, त्यामुळे न्जोर्ड चूक. आइसलँडमध्ये आज न्योर्दुर म्हणतात आणि त्यातला द दातांमधून हवा सोडत येतो, तो आपल्या लिपीत बसत नाही.

माझे मिस्टर ऑफशोअरला असतात, ते म्हणाले नॉर्वेत न्योर्ड नावाचं तेलक्षेत्र आहे. खरं का?
— सीवूड्स

खरं आहे. नॉर्वेच्या समुद्रात, शोध १९८६ चा, तेल निघायला लागलं १९९७ मध्ये. २०१६ मध्ये बंद करून तरंगता प्लॅटफॉर्म किनाऱ्यावर ओढून आणला, दुरुस्त केला आणि २०२२ च्या डिसेंबरात परत चालू केला. ओडिन, फ्रिग, बाल्डर, हाइमडाल या देवांच्या नावांचीही क्षेत्रं तिकडे, त्यातली काही आता बंद झालीत. मिस्टरांना सांगा, तुमच्यासारख्या घरांसाठी हे नाव अगदी योग्य ठेवलंय.

रॅग्नारोकमध्ये सगळे देव मरतात म्हणे. मग न्योर्डसुद्धा?
— इयत्ता नववी, नेरुळ (बाबांचं पत्र वर आहे)

नाही रे. रॅग्नारोक म्हणजे युगाच्या शेवटी देव आणि राक्षस यांच्यात होणारी लढाई, त्यात ओडिनला लांडगा गिळतो, थॉर सापाला मारतो आणि त्याच्या विषाने नऊ पावलं चालून पडतो, न्योर्डचा मुलगा फ्रेय सुर्त नावाच्या आगीच्या राक्षसाशी लढताना मरतो, आणि त्याच्याकडे तेव्हा त्याची तलवार पण नसते. न्योर्ड त्या लढाईत दिसतच नाही. स्नॉरीच्या दुसऱ्या एका पुस्तकात तो देव नसून स्वीडनचा जुना राजा आहे, त्याच्या काळात पीक इतकं चांगलं आलं आणि इतकी शांतता होती की लोकांना वाटलं हे सगळं त्याच्यामुळेच, आणि तो आजारी पडून अंथरुणात मेला तेव्हा लोक त्याच्या समाधीवर खूप रडले. पण तू विचारतोयस त्याचं उत्तर एका जुन्या कवितेत आहे. तिथे ओडिन एका शहाण्या राक्षसाला विचारतो की न्योर्ड आला कुठून, आणि राक्षस सांगतो, वानिरांच्या देशात जन्मला, ओलीस म्हणून इकडे दिला, आणि युगाच्या शेवटी तो परत आपल्या शहाण्या वानिरांकडे घरी जाईल.